मधल्या हाताचे तास

आमच्या गल्लीत आपाने व्हिडिओ गेमचं दुकान सुरू केलं तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं. भिवंडीतल्या चाळिशीच्या बाईने काय करावं, तर शिवणाचे क्लास घ्यावेत, नाहीतर मसाले कुटून द्यावेत. आपाचे वडील गेल्यावर भावांनी कापडाच्या कारखान्याची वाटणी केली. माग त्यांनी आपसांत घेतले आणि हिला रस्त्याकडची एक खोली आणि थोडी रोकड दिली. त्या रोकडीतून तिने दोन टीव्ही आणले, गेमचे दोन डबे आणले, दाराला पडदा लावला आणि तासाच्या भाड्याने गेम द्यायला बसली. भाऊ म्हणाले, दोन-चार महिन्यांत कंटाळेल. ते तिला ओळखत नव्हते म्हणावं, तर सख्खे भाऊ. मला वाटतं, ते तिला चांगलं ओळखत होते आणि म्हणूनच चिडले होते.

तोंडावर मी तिला तुम्हीच म्हणायचे. लिहायला बसले की मात्र 'ती' असंच येतं. आपा काही रागावणार नाही.

मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी मासिकात अर्धवेळ कामाला होते. मुलांचं मासिक होतं. कोडी, विज्ञानाचे प्रयोग, परीक्षेच्या दिवसांत अभ्यास कसा करावा याचे सल्ले, असा मामला. आठवड्यातून दोन-तीनदा मी एसटीने जायचे आणि बाकीचं काम घरी आणायचे. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं. मुलं हल्ली टीव्हीवर गेम खेळतात असं संपादकांच्या कानावर आलं आणि त्यांनी एक पान गेमच्या परीक्षणांना द्यायचं ठरवलं. ते पान माझ्या गळ्यात पडलं, कारण कार्यालयात तिशीच्या आतली मी एकटीच होते. गेममधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी सरळ आपाकडे गेले आणि तिलाच लिहायला सांगितलं.

आपा मराठी शाळेत शिकलेली, आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा सरळ. पहिल्या परीक्षणात तिने लिहिलं, "या खेळातला माणूस सारखा पळतो. का पळतो ते खेळ सांगत नाही. मुलांना पळायला कारण लागत नसेल, मला लागतं." संपादकांनी ते वाचून चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. दुसऱ्या अंकापासून आई-बाप ते पान हातात घेऊन आपाच्या दुकानात यायला लागले आणि यातली कॅसेट आहे का म्हणून विचारायला लागले. आमच्याकडे गेमला कॅसेटच म्हणत. पुढे नाशिकचा एक कॉलेजातला मुलगा आणि पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ असे आणखी दोघे परीक्षणं पाठवू लागले. पण पान वाचलं जायचं ते आपासाठी.

आणि एके दिवशी आपाने मला सांगितलं की पुढच्या अंकाचं देते, मग बंद.

मला धक्काच बसला. मी विचारलं, काही चुकलं का, कुणी काही बोललं का. तिने मान हलवली आणि टीव्हीकडे बोट केलं. ती परीक्षणासाठी खेळायला बसली की तेवढा वेळ तो टीव्ही भाड्याने जात नव्हता. मासिक पैसे द्यायचं ते छापलेल्या मजकुराच्या लांबीवर. खेळ एका बैठकीत संपणारा असो की आठवडा खाणारा, पान तेवढंच, पैसे तेवढेच. म्हणून गेले काही महिने ती अर्ध्यावर खेळ सोडून लिहीत होती. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"अर्धा खेळून पुऱ्या खेळाबद्दल लिहायचं," आपा म्हणाली, "हे मला जमत नाही, बेटा. लोक माझ्या भरवशावर पैसे घालवतात."

तिला पैशाची हाव नव्हती. लिहिणं मात्र तिला मनापासून आवडायचं. अंक आला की ती आधी पदराला हात पुसायची आणि मग ते पान उघडायची. भावांच्या बायका तिच्याकडे यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, पण ते पान कुणी कधी वाचलं नव्हतं. ते बंद झालं असतं तर आपाचं पोट काही अडणार नव्हतं. पण मग ती नुसती पडद्यामागे बसून तास मोजणारी बाई राहिली असती. मला ते सहनच होईना.

मी संपादकांकडे गेले. माणूस चांगला होता, फक्त मालकांना घाबरायचा. ते म्हणाले, वाढवू की पैसे, पण कशाच्या आधारावर? बाहेरून लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी एकच रीत हवी आणि मालकांनी विचारलं तर मला ती समजावून सांगता यायला हवी. वर म्हणाले, तुम्ही भिवंडीच्या, मजुरी कशी ठरवायची ते तुम्हाला ठाऊक असणारच. म्हटलं तर टोमणा होता, पण मी तो कामाला लावायचं ठरवलं.

खेळायला किती वेळ जातो त्यावर पैसे, हे तर उघडच होतं. तेव्हा वेळ मोजायचा. कुणाचा? आपाचा, आणखी कुणाचा! सगळ्यांत जाणकार तीच होती. मी एक नवी कॅसेट घेऊन तिच्याकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही खेळा, मी घड्याळ लावते. मी समोर घड्याळ घेऊन बसलेली बघून आपाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पदर खोचून ती जी खेळायला बसली, ती चहालाही उठली नाही. गेमच्या रिमोटवर तिची बोटं दिसत नव्हती. पडद्यावरचा माणूस नद्या, दऱ्या, भुतं असं सगळं पार करत सुटला. त्या एका दुपारीच तिने खेळ संपवला आणि माझ्याकडे असं बघितलं की आता बोल.

मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन दुकानाच्या तासाच्या भाड्याने हिशेब केला, आणि तेव्हा कळलं की या तासांवर पैसे ठरवले तर आपाला आत्ता मिळतात त्याहून कमी मिळतील.

बाबा ओसरीवर दात कोरत बसले होते. आमचे थोडेसे माग होते. वळ गावची जमीन विकून बाबांनी ते घातले आणि तेव्हापासून त्यांची निम्मी हयात कारीगरांशी रेटवरून वाद घालण्यात गेली. मी घडलेलं सांगितलं तसे ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"तुला कोनी सांगलं जोराचा हात बगाला?" ते म्हणाले. "त्या हातावर रेट बांधलास तं बाकीच्यांनी खायाचा काय?"

मग त्यांनी मला आमच्याच कारखान्यातली एक रीत समजावली. वर्षानुवर्षं ती माझ्या नाकासमोर चालली होती आणि मी कधी बघितली नव्हती. मागावर नवीन क्वालिटीचं कापड लागलं की लगेच रेट ठरत नाही. आधी कापडाचे एक-दोन ताके, म्हणजे पुरे तागे, विणून बघतात. ते विणायला सगळ्यांत तरबेज कारीगर बसवायचा नाही, कारण त्याच्या वेगावर रेट बांधला तर बाकीचे मरतात. अगदी नवखा बसवायचा नाही, कारण मग मालक मरतो. मधल्या हाताचा कारीगर बसवायचा, मालकाने आणि कारीगरांनी मिळून निवडलेला. त्याला जो वेळ लागेल तो खरा वेळ. तरबेज माणूस त्या रेटवर चार पैसे जास्त कमावतो, नवखा हळूहळू शिकतो, भांडण होत नाही. म्हणजे होतं, पण कमी होतं.

आणि आपाने जे केलं ते तर बाबांच्या मते कळसच होता. मालक घड्याळ घेऊन उभा असताना कुणी जीव तोडून माग चालवतं का? हिचे वडील एवढे मोठे कारखानदार, आणि पोरीने आपल्याच हाताने आपला रेट पाडला! दुसऱ्या दिवशी मी हे आपाला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. तिने आयुष्यभर माग मालकाच्या बाजूने बघितले होते. कारीगराची बाजू तिच्यावर आता पहिल्यांदाच आली होती, आणि त्यात तिला आपली हुशारी दाखवायची हौस.

मग मधला हात कुणाचा यावर आमची बैठक झाली. बाबा मुद्दाम आले. बाबांनी रिमोट उलटा धरला, ते बाद. दुकानात येणारी पोरं आपाहून वेगवान, तीही बाद. दोघांनी माझ्याकडे बघितलं. दोन-चार महिने आपाच्या शेजारी बसून मी थोडंफार शिकले होते. पडायचे, उठायचे, पुढे जायचे.

"ही हाय की," बाबा म्हणाले. "ही सगल्यात मधली."

खरंच होतं ते. आम्हा तीन बहिणींत मी मधली, वर्गात मधली, दिसायलाही मधलीच. मोठीचं कौतुक व्हायचं, धाकटीचे लाड व्हायचे आणि मला सांगितलं जायचं की जरा सरक. बाबांनी ते शब्द काही वाईट भावनेने काढले नव्हते. पण मला ते लागले, आणि लागले तरी मी बसले, कारण आपाचं परीक्षण माझ्या मध्यमपणावर टिकणार होतं. अशी किंमत माझ्या मध्यमपणाला आधी कुणी दिली नव्हती.

मी खेळायला लागले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा एक टीव्ही माझा. आपा शेजारी स्टुलावर बसायची, पण एक शब्दही सांगायची नाही. मी त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडायचे आणि ती ओठ घट्ट मिटून दुसरीकडे बघायची. सांगितलं की वेळ खोटा होईल, असं तिने स्वतःला बजावलेलं. मला मदत करता येत नाही म्हणून ती मला खायला घालायची. खिमा-पाव, सांदण, कधी नुसता तिच्या हातचा आल्याचा चहा. घरी मला कुणी इतकं बसवून खाऊ घातलं नव्हतं.

मी शेवटाच्या जवळ पोचले होते त्या दुपारी लाइट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले. भिवंडीत लाइट गेली की कानाला आधी कळतं. बाबा अशा वेळी कारखान्यातून बाहेर येऊन शेजारी डोकावत. ते आले तेव्हा मी डोकं धरून बसले होते. त्यांना मी सांगितलं की सगळं गेलं, आता पहिल्यापासून. त्यांना ते पटेचना.

"विनलेला कापड ऱ्हातो ना पन?" त्यांनी विचारलं.

नाही राहत, आपाने सांगितलं. मागावर लाइट गेली तर विणलेलं कापड जागेवर असतं, इथे सगळं उसवतं. बाबांनी वाकून काळ्या पडद्याला हात लावून बघितला. नुकसानीचा असला प्रकार त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले की गेलेला वेळही धरायचा, तो कारीगराचा गुन्हा न्हाय. आपाने तिरप्या नजरेने बघत विचारलं की तुमच्या कारीगरांना लाइट गेलेल्या वेळेचे देता का? बाबा म्हणाले, त्यांचा कापड ऱ्हातो, आणि पटकन पडदा सारून निघून गेले. पुढे त्यांनी ते पैसे द्यायला सुरुवात केली का? नाही केली. पण लाइट गेली की कारीगरांना चहा सांगायला लागले. पूर्वी सांगत नसत.

माझे तास घेऊन मी संपादकांपुढे बसले. ते म्हणाले, हे तास कुणाचे? मी म्हटलं, माझे. ते म्हणाले, तुम्ही हळू खेळत असाल. मी म्हटलं, हळू नाही, मधली. आणि मग बाबांनी सांगितलेली रीत जशीच्या तशी त्यांना ऐकवली. त्यांनी नाशिकच्या मुलाला आणि पुण्याच्या गृहस्थांना तोच खेळ खेळायला लावला. मुलाला माझ्याहून कमी वेळ लागला, गृहस्थांना जास्त. संपादक खूश झाले. मालकांना सांगण्यासारखं काहीतरी अखेर त्यांच्या हाती लागलं होतं. मजकुराचे पैसे वेगळे आणि खेळण्याच्या तासांचे वेगळे, असं ठरलं. अट एकच, की दर नव्या खेळाचे तास आधी मधल्या हाताने काढायचे. म्हणजे मी.

ते वर्ष माझ्या आयुष्यातल्या चांगल्या वर्षांपैकी होतं. मी आधी खेळायचे, मग आपा खेळायची, आता शेवटापर्यंत. टीव्ही अडला तरी तिला फिकीर नव्हती. एका खेळात शेवटी तो माणूस आपल्या घरी पोचतो आणि दारच उघडत नाही. बनवणाऱ्यांनी ते तसंच अर्धवट सोडून दिलेलं. आपाने दोनदा पहिल्यापासून खेळून खात्री केली आणि लिहिलं, "इथपर्यंत कुणी येईल असं हा खेळ करणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं. मी आले." ते पान तिच्या एका भावजयीने वाचलं. जाताना अंक मागून घेऊन गेली. आपाने ते मला संध्याकाळपर्यंत तीनदा सांगितलं.

मग माझे तास कमी यायला लागले. मला वाटलं, हल्लीचे खेळच सोपे आहेत. मी तसं म्हणायचेही आणि आपा नुसतं हूं म्हणायची. एका दुपारी मी पडद्यावरच्या माणसाला एका अवघड पुलावरून सहज नेलं आणि म्हटलं, ही कॅसेट तर अगदीच सोपी.

"सोपी नाही," आपा म्हणाली. "खात्री करायला काल मी आधीच खेळून बघितली, तर तिने मला रडवलं. तुझा हात चालायला लागलाय, बेटा. दोन महिने बघतेय मी."

मी खेळतच राहिले. मला कळलं होतं ती काय म्हणतेय, पण कळायला नको होतं. माझे तास असेच कमी भरत गेले तर आपाचे पैसे पडणार, नाशिकच्या मुलाचे पडणार, पुण्याच्या गृहस्थांचे तर फारच. आपा पुन्हा अर्ध्यावर सोडायला लागणार आणि एक दिवस पुन्हा म्हणणार की बंद. मी म्हटलं, मी हळू खेळेन. पहिल्यासारखी खेळेन, काही अवघड नाही त्यात.

"खोटे तास मला नकोत," ती म्हणाली, "आणि तुझे खरे तास कुणाला परवडणार नाहीत. तू ऊठ आता इथून."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. माझ्या पाठीवर तिचा हात होता. समोरच्या घरातली सून मुलाला न्यायला रोज येते आणि दारात उभी राहून खेळ बघते, हल्ली थोडं खेळतेही, तिला उद्यापासून बसवते, असंही तिने सांगितलं. सगळं तिने आधीच ठरवलं होतं, एवढंच कसं सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून दोन महिने गेले होते. आणि तू आता लिही, म्हणाली, पुढचं परीक्षण तुझं, मी बघते कसं लिहितेस.

मला जागेवरून उठवणारे तोवर पुष्कळ भेटले होते, घरी, शाळेत, कार्यालयात, आणि दर वेळी मी कुठेतरी कमी पडले म्हणून. तू चांगली झालीस, म्हणून ऊठ, असं म्हणणारी आपा पहिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. रिमोट माझ्या हातातून सुटला आणि पडद्यावरचा माझा माणूस पुलावरून खाली गेला, पण तिकडे आम्ही दोघींनी बघितलं नाही.